पांढऱ्या झाकणाची नळी

सोमवार, १२ जानेवारी २०२६

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझं नाव गाळलं गेलं. वेळ नक्की सांगता येते, कारण त्या क्षणी मी घड्याळाकडे पाहत होते. दुसरं पाहण्यासारखं काही नव्हतं. मला तिसऱ्या रांगेत खांबामागे बसवलं होतं.

पैठण रोडवरच्या गोदाई पशुपोषण प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा सूक्ष्मजीव विभागाची प्रमुख म्हणून. आज तिथे ‘वासरूमित्र’ नावाच्या पुडीचं अनावरण होतं. ही पुडी वासरांच्या आणि करडांच्या खाद्यात मिसळायची. तिच्यात एक उपयोगी जिवाणू आहे, तो पोटात गेला की हगवण कमी होते. जिवाणू दह्यातला. लासूर स्टेशनजवळच्या सखूबाई नावाच्या मेंढपाळ बाईच्या गाडग्यातून तो मी काढला, २०१५च्या मे महिन्यात, डोक्यावर ओला रुमाल टाकून.

मंचावर तनुजा वाकळे. आता डॉक्टर तनुजा वाकळे. माझ्या हाताखाली नऊ वर्षं होती. आली तेव्हा तिला काचेची बशी सरळ धरता येत नव्हती. आज माइक सरळ धरला. म्हणाली, “आमच्या टीमनं शोधलेला हा आरएम-सात.” टीम! त्या मे महिन्यात टीम कुठे होती? जीपमध्ये मी होते आणि ड्रायव्हर होता, आणि ड्रायव्हर झोपला होता.

आरएम म्हणजे रुमेन मायक्रोब असणार. रुमेन म्हणजे गाईचं पहिलं पोट. दह्यातल्या जिवाणूचा त्या पोटाशी काय संबंध? पण प्रश्न विचारायला माणूस खांबापुढे असावा लागतो.

टाळ्या झाल्या, पाहुण्यांना नारळ दिला, आणि कार्यक्रम संपला. मी चहा न घेता निघाले. रिक्षावाल्याने गारखेड्यातल्या घरापर्यंत काही विचारलं नाही तरी मी त्याला सगळं सांगितलं.

मंगळवार, १३ जानेवारी

वर्तमानपत्रात फोटो. कापून इथे चिकटवते आहे. राग शिळा होऊ नये म्हणून.

तनुजा पैठणी नेसली आहे. सकाळी अकराला, प्रयोगशाळेत, पैठणी! एका हातात पांढऱ्या झाकणाची नळी, तोंडभर हसू. नळी मात्र बरोबर धरली आहे, तिरकी, तळ तर्जनीवर. उघडताना झाकण करंगळीत पकडायचं, टेबलावर ठेवायचं नाही, हेही मीच शिकवलं. सहा महिने शिकवलं. ती पैठणी कुणाचीही असो, ती करंगळी माझी आहे.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

आवडाबाईने (माझ्याकडे सोळा वर्षं स्वयंपाक करते, आणि सोळा वर्षं माझी उलटतपासणीही) आज फ्रीज धुवायला काढला. वरच्या कप्प्यातली मटारची पिशवी बाहेर आली तेव्हा मी ओरडले.

“त्या मागच्या स्टीलच्या डब्याला हात लावायचा नाही.”

“तीन वर्सं झाली, हात लावू नको, लावू नको. काय सोनं ठिवलं का बाई त्यात?”

“तुला करायचंय काय?”

“मला काय करायचं? बर्फ काढायचाय. डब्याला धरून बसलाय बर्फ.”

तेवढ्यात फोन वाजला. तनुजा. मी उचलला नाही. पुन्हा वाजला.

आवडाबाई म्हणाली, “बाई, वाजून वाजून मरंल तो.”

“मरू दे.”

“आज सणाचं तरी गोड बोला कुणाशी. माह्याशी नाय तर नाय.”

तिळाच्या वड्या तिला दोन जास्त दिल्या. तिने त्या पदरात बांधल्या आणि म्हणाली, “ह्याला म्हनत्यात तोंड बंद करनं.”

शनिवार, १७ जानेवारी

आज टपालाने ‘वासरूमित्र’चं माहितीपत्रक आलं. पाकिटावर तनुजाचं अक्षर. मोठं, गोल, जिल्हा परिषदेच्या शाळेतलं. मी छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, सिस्टर ग्रेसने माझ्या बोटांवर पट्टी मारून अक्षर घडवलं. त्या अक्षराची आता कुणाला गरज नाही.

पत्रक तीनदा वाचलं. वाटप सोमवार, ९ फेब्रुवारीला लासूर स्टेशनच्या दूध संकलन केंद्रावर सुरू होणार, दोनशे वासरं आणि करडं. त्याआधी, शुक्रवारी ६ तारखेला सकाळी अकरा वाजता, सुरक्षा समितीची बैठक. समिती हो म्हणाली की पुड्या गावात जाणार.

शेवटच्या पानावर आभार. “लासूर स्टेशनच्या सखूबाई यांचे विशेष आभार, ज्यांच्या घरच्या दह्यातून हा जिवाणू मिळाला.” दही लावणाऱ्या बाईचं नाव आहे. दही तपासणाऱ्या बाईचं नाही. सखूबाईने काय केलं? दूध घातलं आणि झोपली.

आणि मधल्या पानावर फोटो. माझी बशी! काठावर डावीकडे टवका उडालेला आहे, मी तो कधी विसरणार नाही, कारण तो माझ्या अंगठीने उडाला होता. आपल्या मुलाचा फोटो दुसऱ्याच्या भिंतीवर पाहावा तसं वाटलं.

ही बशी म्हणजे काय ते लिहून ठेवते, पुढे तक्रारीत लागेल. खाद्यात घालायच्या जिवाणूची चौकशी स्थळाच्या चौकशीसारखी असते. तू कोण, कुठल्या घराण्यातला? तू विष तयार करतोस का? आणि तिसरा प्रश्न, सगळ्यांत महत्त्वाचा: औषधाला मरतोस का? त्यासाठी बशीत जिवाणू पसरायचा आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसलं तर जिवाणू औषधाला मरतो. वर्तुळ नसेल तर मरत नाही. लोक म्हणतील, चांगला जिवाणू मेला नाही तर बरंच की. नाही. औषध पचवायची ती विद्या तो पोटातल्या दुसऱ्या जंतूंना देऊ शकतो. रोगाच्या जंतूंनाही देऊ शकतो. मग वासरू आजारी पडलं की तेच औषध टोचा नाही तर पाणी टोचा.

माझ्या या बशीत टेट्रासायक्लिनच्या चकतीभोवती एकोणीस मिलिमीटरचं वर्तुळ आहे. एस. बी. ७. हे त्याचं रजिस्टरमधलं नाव. माझा मुलगा गुणी होता.

आता पत्र लिहायला घेतलं आहे. तिच्या कामात काय काय कच्चं आहे ते सगळं शोधून काढीन.

बुधवार, २१ जानेवारी

प्रयोगशाळेत गेले. न कळवता. शिपाई नवा आहे, त्याने रजिस्टरमध्ये माझं नाव विचारलं. मी म्हटलं, “रत्नमाला म्हस्के. या इमारतीचा पाया भरला तेव्हा मी इथे होते, तुझे वडील नसतील.” त्याने ‘आर. म्हस्के, अभ्यागत’ असं लिहिलं. अभ्यागत!

तनुजा धावत आली. वाकून नमस्कार करायला लागली तशी मी पाय मागे घेतले.

“मॅडम, तुम्ही आलात! मला वाटलं रागावलात. त्या दिवशी मी तुमचं नाव घेणारच होते, पण पाहुण्यांना विमान गाठायचं होतं, निवेदकानं माइकच काढून घेतला.”

“माइक काढून घेतला तरी तोंड असतं.”

तिने खुर्ची पुढे ओढली. म्हणाली, “बसा ना मॅडम. मला तुम्हाला एक सांगायचंय. नावाचं.”

“कुठल्या नावाचं? माझं नाव इथे आहेच कुठे? मी कागदपत्रं बघायला आले आहे. औषधांची चाचणी पुन्हा केलीस का?”

“तुमचीच लावली. समितीनं विचारलं होतं. मी म्हणलं, म्हस्के मॅडमचं रजिस्टर आहे, पान एकशे बारा, त्यांच्या सहीचं. ते म्हणले, मग नको पुन्हा. जनुकांचं पूर्ण वाचन बाहेर दिलंय, त्याचा अहवाल मार्चमध्ये येईल.”

“आणि वाटप फेब्रुवारीत?”

“उन्हाळ्याच्या आत द्यायचंय, मॅडम. करडं मरतात लई...” जीभ चावली. “खूप मरतात.”

मी तिला ‘लई’बद्दल पूर्वी इतकी बोलले आहे की आता माझ्यापुढे ती आपोआप जीभ चावते. अजूनही चावते, हे पाहून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार काळ टिकलं नाही. तिच्या टेबलावर जुन्या नळ्यांची लाकडी घोडी आहे, माझी. तिच्यावर तिने चमेलीचं फूल ठेवलं होतं. माझ्या टेबलावर मी कधी फूल ठेवू दिलं नाही.

म्हणजे माझं रजिस्टर चालतं, माझी सही चालते, माझी बशी चालते. मी चालत नाही.

ती मागून “मॅडम, आरएम म्हणजे...” असं काहीतरी ओरडत होती. मी रिक्षात बसले.

शुक्रवार, २३ जानेवारी

काही विशेष नाही. तिचा फोन नाही. बरं झालं. सहा वेळा पाहिला.

गुरुवार, २९ जानेवारी

लासूर स्टेशनला जाऊन आले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एसटीने. तक्रारीला साक्षीदार हवा म्हणून. सखूबाईला सांगायचं होतं की तुझ्या दह्यावर दुसऱ्यांनी नाव कमावलं, आपण दोघी मिळून अर्ज करू.

सखूबाई दारातच भेटली. अकरा वर्षांत तिला फरक नाही, मला खूप आहे. तिची नात अक्षदा शेळी बांधत होती, एक तांबूस करडू तिच्या पायात घोटाळत होतं.

“या म्याडम, या! वाळल्या लई. खात नाय का काय?”

मी पत्रक दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठे आहे ते तिला माहीत होतं. तिने बोट बरोबर ठेवलं. “हे बघा. ही मी. तनुजाबाईनं वाचून दावलं. पोस्टानं नाय, सोता आली व्हती.”

“तुला राग नाही येत? तुझं दही त्यांनी नेलं.”

“न्हेलं म्हंजे? वाटीभर न्हेलं. गाडगं हितंच हाय की.” आणि हसायला लागली. “आता आमचंच दही आमच्या करडास्नी माघारी येनार. ह्या तांबड्याचं नाव पैलं लावलंय बघा यादीत. मागच्या साली चार गेली हगवनीनं. ही पोर दोन दिस जेवली नाय.”

अक्षदा म्हणाली, “तीन दिस.”

मग सखूबाईने जे म्हटलं ते मला टोमण्यासारखं लागलं. “तुमी तर खुश असाल म्याडम. त्या जंतूचं बारसं झालं म्हनं तुमच्या नावानं.”

“कोण म्हणालं?”

“तनुजाबाई. म्हनली, म्याडम फोन उचलत नाय, न्हाय तर पेढं घिऊन गेली असती.”

खेड्यातल्या बायकांना चेष्टा करायला काहीही चालतं. जंतूचं बारसं! मी विषय बदलला. निघताना तिने दह्याचा डबा दिला आणि विचारलं, “आन ती दुसरी बाई? पैठनची? साळू का काय ती. तिच्या दह्याचं काय झालं? तुमी म्हनायच्या, तुमी दोघी जुळ्या, येकाच नावाच्या.”

“तिचं बाद केलं होतं.”

“व्हय का? मंग माहंच बरं,” म्हणाली, आणि त्या गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की मला तिचाही हेवा वाटला.

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी नऊ

हे लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

तक्रारीला जोडायला माझी खासगी वही काढली. मंजूर नमुने सरकारी रजिस्टरमध्ये लिहायचे आणि बाद नमुने माझ्या खासगी वहीत, अशी माझी पद्धत होती. रजिस्टर स्वच्छ दिसावं म्हणून. ती वही निवृत्तीच्या दिवशी मी घरी आणली. माझीच होती.

वहीत पान एकतीस. पैठण, साळूबाई. “एस. बी. ७. टेट्रासायक्लिन: वर्तुळ नाही. बाद. नळी तुलनेसाठी ठेवली.”

एस. बी. ७.

सखूबाई, एस. बी. साळूबाई, एस. बी.

साळूबाई आपल्या म्हशींना दुकानातून आणलेली टेट्रासायक्लिनची भुकटी पेंडीत कालवून वर्षानुवर्षं घालत होती. तिच्या दह्यातला प्रत्येक जिवाणू औषध पचवून बसलेला. म्हणून बाद. आणि गोंधळ नको म्हणून मी लासूरच्या नळ्यांना हिरवी झाकणं लावली आणि पैठणच्या नळ्यांना पांढरी. हे कुठेही लिहिलं नाही. मला माहीत होतं तेवढं पुरे होतं. ज्याला पाहिजे त्याने मला विचारावं.

या रोजनिशीची पानं मागे उलटून १३ तारखेचं कात्रण पाहिलं. पांढरं झाकण. मीच लिहिलंय तिथे, माझ्याच हाताने, पांढऱ्या झाकणाची नळी. आणि करंगळीवर एक परिच्छेद लिहिला.

तरी खात्री करायला उठले. मटारची पिशवी काढली, मागचा स्टीलचा डबा बर्फातून चमच्याने सोडवला. आवडाबाई बघत होती. “शेवटी सोनं काढलं म्हना,” म्हणाली. डब्यात हिरव्या झाकणाची नळी. एस. बी. ७. निवृत्तीच्या दिवशी, शाल-श्रीफळाच्या पिशवीत घालून मी ती घरी आणली. प्रयोगशाळेत राहिली असती तर तनुजाच्या हातात पडली असती, म्हणून. मी चोरी म्हणत नव्हते. स्वतःचं मूल घरी आणलं म्हणत होते.

तर मागे राहिलं ते दुसरं.

सोमवार, दुपारी

फोनमध्ये जुने निरोप पाहिले. तीन नोव्हेंबर. तनुजाचे चार कॉल, उचललेले नाहीत. मग तिचा निरोप: “मॅडम, एस.बी. सातची एकच नळी सापडली. ही लासूरचीच ना? मला उगाच शंका येतेय.”

माझं उत्तर: “रजिस्टर वाचता येत नाही का?”

तिने रजिस्टर वाचलं. पान एकशे बारा. तिथे लासूर लिहिलेलं आहे, एकोणीस मिलिमीटर लिहिलेलं आहे, आणि खाली माझी सही आहे. सिस्टर ग्रेसची सही म्हणावी इतकी सुरेख.

आणखी एक गोष्ट आठवली, आठवायला नको होती. तनुजा नवीन होती तेव्हा नळ्यांच्या चिठ्ठ्या तिने लिहिल्या होत्या. मराठीत. ‘सखू ७’. ‘साळू ७’. गोल गोल अक्षरात. सगळ्या विभागासमोर मी तिला बोलले. “ही प्रयोगशाळा आहे की भाजीबाजार? आद्याक्षरं, इंग्रजीत, फक्त आद्याक्षरं.” दुपारभर ती नखाने चिठ्ठ्या खरवडत बसली होती. ऐंशी नळ्या. मी मुद्दाम मोजत होते, एखादी राहू नये म्हणून.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

खरं तेच लिहायचं म्हणून ही वही आहे, तर लिहिते.

काल संध्याकाळपासून मी एकच हिशोब करते आहे: मी गप्प बसले तर? शुक्रवारी समिती हो म्हणेल. सोमवारी पुड्या वाटल्या जातील. मार्चमध्ये जनुकांचा अहवाल येईल आणि त्यात ते निघेल. पैठणीवाली मंचावरून खाली येईल. कुणी विचारलंच तर रजिस्टरमध्ये माझी नोंद बरोबर आहे. नळी तिने चुकीची उचलली. हिरवी नळी माझ्या मटारामागे आहे हे मला आणि मटारालाच माहीत. डबा कचऱ्यात टाकला की मटारालाही नाही.

हे मी अर्धा दिवस मनात चघळलं. आणि चव चांगली लागली, हेही लिहिते.

आवडाबाई दह्याची वाटी घेऊन आली. सखूबाईचं दही. “लई गोड लागतंय बाई. इरजन ठिवलं मी ह्याचं.” मी खाल्लं. त्या तांबड्या करडाचं नाव यादीत पहिलं आहे. मार्चपर्यंत त्याच्या पोटात साळूबाईच्या म्हशींची वर्षानुवर्षांची भुकटी काय शिकवून जाईल, हे फक्त मला सांगता येईल. पुढच्या साली ते आजारी पडलं की डॉक्टर तेच इंजेक्शन देईल, ते लागू पडणार नाही, आणि ती पोर जेवणार नाही. आणि सखूबाई म्हणेल, आमचंच दही हो, तरी असं कसं झालं?

तिचं दही नव्हतंच. आणि तनुजाची चूकही नव्हती. याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो आहे. एवढी मेहनत करून तिच्यातला एक दोष सापडला, आणि तोही माझाच निघाला.

मग ते डोक्यात आलं. आरएम. कागदावर इंग्रजीत लिहून पाहिलं. रुमेन मायक्रोब नाही. शिपायाने मला अभ्यागत म्हणून लिहिलं तेव्हाही तीच दोन अक्षरं होती.

म्हणजे तिने माझं नाव दिलं. माझ्या लाडक्याला नाही, बाद केलेल्याला. आता जगात माझ्या नावाचा एकच जिवाणू आहे, आणि तो औषधाला मरत नाही.

आवडाबाईला सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्यावानीच निघाला म्हना.”

बुधवार, ४ फेब्रुवारी. सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं

पत्र पाठवलं. आवडाबाईच्या जावयाच्या हाती, पोच घेऊन, सोबत बर्फाच्या थर्मासमध्ये नळी आणि खासगी वहीच्या पान एकतीसची प्रत. सुरुवातीला ‘आपण’ लिहायला बसले होते, जमलं नाही. समितीच्या अध्यक्षांनाही तेच पत्र, त्यात ‘तू’च्या जागी ‘डॉ. वाकळे’. इथे नक्कल ठेवते.

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
४ फेब्रुवारी २०२६

तनुजा,

‘वासरूमित्र’च्या पुडीत सध्या जो जिवाणू आहे तो लासूरचा नाही. तो पैठणच्या साळूबाईंच्या दह्यातला आहे, आणि टेट्रासायक्लिनला तो मरत नाही. मी तो २०१५मध्ये बाद केला होता. तुझ्या फोटोतल्या नळीचं झाकण पांढरं आहे. पांढरं म्हणजे पैठण. हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून तुला कळायचा मार्ग नव्हता. तू विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही. जे दिलं ते उत्तर नव्हतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आजच पांढऱ्या नळीतला जिवाणू बशीत पसर आणि चकती ठेव. गुरुवारी संध्याकाळी वर्तुळ दिसतं का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. दिसणार नाही.

लासूरचा खरा जिवाणू सोबतच्या हिरव्या झाकणाच्या नळीत आहे. तो गेली तीन वर्षं माझ्या घरी होता. मी तो घेऊन गेले होते. का, ते समितीने विचारलं तर मी येऊन सांगेन. तुला कळलंच असेल. घरच्या फ्रीजमध्ये तो जगला आहे की नाही माहीत नाही. मेला असेल तर सखूबाईंचं गाडगं अजून तिथेच आहे आणि त्या वाटीभर दही नाही म्हणणार नाहीत. जगला असेल तरी त्याची प्रत्येक चाचणी पुन्हा करायची, माझी एकही सही न धरता. ते होईपर्यंत एकही पुडी लासूर स्टेशनला जाता कामा नये. यादीत पहिलं नाव एका तांबड्या करडाचं आहे. ते मी पाहिलं आहे.

तू मंचावर माझं नाव घेतलं नाहीस याबद्दल मी तीन आठवडे या शहरातल्या प्रत्येक रिक्षावाल्याकडे तक्रार केली. ती तक्रार मागे घेत नाही. पण आता नाव दुसरीकडे हवं आहे. समितीच्या कागदात ‘त्रुटीचा उगम’ असा रकाना असतो. तिथे रत्नमाला म्हस्के असं लिहायचं. पूर्ण. आद्याक्षरं नकोत. तुझं नाव त्या रकान्यात मला दिसलं तर मी समितीपुढे येऊन बसेन, आणि या वेळी खांबामागे बसणार नाही.

आरएम हे नाव चुकीच्या जिवाणूला पडलं आहे. ते काढून हिरव्या नळीला द्यायचं की कुणालाच नाही, हे तू ठरव. मी मागत नाही.

नळीवरची चिठ्ठी मी बदलली आहे. ‘सखू ७’ असं लिहिलं आहे, मराठीत. माझ्या हाताला सवय नाही, ख जरा वाकडा आला आहे. तू पुन्हा लिही. तुझं अक्षर त्या चिठ्ठीला जास्त बरं दिसेल. दिसत होतं.

पुड्या थांबवल्या, साठा सील केला, आणि वरचा रकाना भरला, या तिन्हींचं उत्तर मला समिती बसण्याआधी हवं आहे: शुक्रवार, ६ फेब्रुवारी, सकाळी अकराच्या आत. फोन केलास तर आता उचलेन. पण उत्तर लेखीच हवं.

रत्नमाला म्हस्के